गवत गप्प झालं की

भाद्रपद उतरणीला लागला की गोदावरीचा तांबडा रंग जातो आणि पाणी हिरवट दिसू लागतं. पुराने आणलेला गाळ काठावर बसलेला असतो आणि त्यावर गवत माणसाच्या उंचीला पोचलेलं असतं. आमच्या मळ्याच्या खालच्या अंगाला, झेंडूच्या शेवटच्या सरीपासून पाण्यापर्यंत, असा एक गवताचा पट्टा आहे. त्याला आम्ही कुरण म्हणतो. पूर येतो म्हणून तिथे कुणी कधी पीक घेतलं नाही. पश्चिमेला नाशिक शहर आहे. पूर्वी संध्याकाळी त्याचा उजेड आभाळाच्या कडेला थोडासा दिसायचा. आता अर्धं आभाळ उजळलेलं असतं.

यंदाही गवताला तुरे आले आहेत. मी ते पाहिलेले नाहीत. मी पुण्यात असतो, वर्तमानपत्राच्या नोकरीत. पण या दिवसांत पुण्यातल्या रस्त्याकडेच्या मोकळ्या प्लॉटमध्ये गवत वाढतं, एखादं कुसळ पायमोज्याला चिकटतं, आणि मग दिवसभर कुरण डोक्यातून जात नाही.

कुरणात कोण कधी येतं, हे आम्हाला लहानपणी पाठ होतं. पितृपक्षात परीट पक्षी येतो. ओल्या गाळावर शेपूट हलवत लगबगीने धावतो. नदीवर वाकलेल्या बाभळीवर सुगरणींची घरटी लोंबत असतात, त्यातली काही अर्धवट सोडून दिलेली. तारेवर वेडे राघू बसतात, एकेक जण उडून हवेतल्या हवेत चतुर पकडतो आणि पुन्हा त्याच जागी येऊन बसतो. म्हशीच्या पाठीवर कोतवाल. आणि गवताच्या पोटात, सगळ्यांच्या नजरेआड, लाल मुनिया. नर असा दिसतो की पिकल्या लाल मिरचीवर कुणी मीठ भुरभुरलं आहे. बाकी पाखरांचा विणीचा हंगाम संपत आला की यांचा सुरू होतो. घरटं गवतातच, जमिनीपासून हातभर उंचीवर, गवताचाच गोळा. म्हणून आमच्या घरात नियम होता: दसऱ्याआधी कुरणाला विळा लागत नाही. आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, त्याचं कारण कधी सांगितलं नाही. गवताचं बी पडू दे, एवढंच म्हणायचे. मुनियांचं कारण दादाने शोधून काढलं होतं.

दादा माझ्यापेक्षा बराच मोठा. मळा तोच बघतो.

पाखरांपेक्षा मोठा कारभार किड्यांचा होता. भर उन्हात नाकतोड्यांची कोरडी चर्र चालायची, जणू कुणीतरी लांबवर सतत गहू पाखडतं आहे. ऊन कललं की ती विरळ व्हायची आणि खालून, जमिनीलगतच्या ओलाव्यातून, रातकिडे सुरू व्हायचे. आधी बांधाच्या कडेचा एक, मग त्याच्या पलीकडचा, मग मोजता येत नाहीत इतके. सूर्य बुडाला की आवाजाचा एक जाड थर कुरणावर पसरलेला असायचा. त्यात राहणाऱ्याला तो ऐकू येत नाही. पाहुणे आले की विचारायचे, हा कसला आवाज? आम्ही म्हणायचो, कुठला?

तो आवाज आमच्या लक्षात यायचा तो थांबला की. रातकिडा पावलांची चाहूल लागताच गप्प बसतो. गवतातून कुणी चालत आलं की त्याच्या वाटेवरचे किडे एकामागून एक बंद होतात, आणि आवाजाच्या त्या थरात एक भोक पडतं. भोक पुढे सरकत येतं. आप्पा तेवढं ऐकायचे. आमच्या भागात ऊस आहे, उसात बिबट्या असतो, आणि झेंडूची तोडणी पहाटे उजाडता उजाडता सुरू होते. तोडणीच्या बायका वाकून काम करतात. वाकलेलं माणूस बिबट्याला जनावरासारखं दिसतं, असं सगळे सांगतात. म्हणून रोज पहाटे आप्पा आधी बांधावर उभे राहायचे. कुरण वाजत असलं तर बायका सरीत उतरायच्या. गवत गप्प असलं तर कुणी उतरायचं नाही.

एका संध्याकाळचं मला आठवतं. आम्ही ओट्यावर फुलांच्या करंड्या भरत होतो. आप्पांनी नुसता हात वर केला. सगळे थांबले. नदीच्या बाजूने एक पट्टा गप्प होत आमच्याकडे येत होता. आप्पांनी पत्र्याची बादली उचलून दगडावर आपटली. गवत एकदाच जोरात सळसळलं आणि सळसळ पाण्याकडे गेली. सकाळी गाळात पंजे उमटलेले होते. दादाने त्या पंजात आपला तळवा ठेवून पाहिला.

आप्पांनंतर बांधावर दादा उभा राहू लागला. त्याचा कान आप्पांपेक्षाही तिखट होता. साप, मुंगूस, डुक्कर, माणूस, प्रत्येकाचं गप्प होणं वेगळं असतं, असं तो म्हणायचा, आणि बहुतेक वेळा खरं निघायचं. लहानपणी आम्ही रातकिडे काडेपेटीत धरायचो. काडेपेटी कानाशी नेली की किडा गप्प. मी वैतागून पेटी हलवायचो. दादा म्हणायचा, "ठेव तिला आणि विसरून जा. आपण विसरलो की तो गातो." मला विसरता यायचं नाही. दादा पेटी खिडकीत ठेवून अभ्यासाला बसायचा, आणि खरंच, थोड्या वेळाने खिडकी वाजू लागायची. मग तो पेटी अलगद माझ्या तळहातावर ठेवायचा. आवाज कानात जायच्या आधी हाताला कळायचा. पुठ्ठा थरथरायचा, हाताला गुदगुल्या व्हायच्या.

हे सगळं आठवायचं कारण गेल्या वर्षीचा हंगाम आहे.

गेल्या वर्षी पितृपक्षात दादाचा फोन आला. "कुरण गप्प आहे," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"आठवडा झाला. सकाळ नाय, संध्याकाळ नाय, पार मुकं. ठाण मांडून बसलाय तो."

तो म्हणजे बिबट्या. वनखात्याचा माणूस येऊन गेला होता. ठसे नाहीत, विष्ठा नाही, कुत्रीही सगळी जागेवर आहेत, असं म्हणून गेला. दादाचं समाधान झालं नव्हतं. त्याने तोडणी ऊन चढल्यावर सुरू करायला लावली होती. त्यात फुलं मलूल होत होती. नवरात्र तोंडावर होतं. त्याने ठरवलं होतं की कुरण आताच कापायचं. मशीन सांगितलं होतं. दसऱ्याआधी कुरणाला हात लावण्याची आमच्या घरातली ती पहिलीच वेळ होती, आणि ते तोच सांगत होता.

मी सुट्टी टाकून गेलो. पोचलो तेव्हा तोडणीच्या बायका ओट्यावर फुलं निवडत बसल्या होत्या. त्यातल्या सिंधूमावशी आमच्याकडे वर्षानुवर्षं येतात. त्या दादाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "दादा, तुमचा बिबट्या भाड्यानं राह्यलाय का काय? लय दिवस झाले, हलायलाच तयार नाय."

बाकीच्या हसल्या. दादाही हसला. "हसा," तो म्हणाला, "उद्या मानगूट धरली म्हणजे कळंल."

"आमची मानगूट कुठं रिकामी हाय? तिच्यावर फुलांचा भारा असतो."

संध्याकाळी दादा, वहिनी आणि मी बांधावर गेलो. सूर्य टेकला होता. गवताचे तुरे तांबूस दिसत होते. आम्ही बांधाच्या टोकाला उभे राहिलो आणि दादाने हात वर केला, आप्पांसारखा.

"बघ," तो हळू आवाजात म्हणाला. "आहे का काही? मेल्यासारखं पडलंय."

कुरण वाजत होतं. बांधापासून नदीपर्यंत कुठे एक भोक नव्हतं. पायाशी असलेला एक रातकिडा तर इतक्या जोरात वाजत होता की दादाचं हळू बोलणं ऐकायला मला पुढे वाकावं लागलं. मी वहिनीकडे पाहिलं. ती झेंडूकडे बघत होती. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान अगदी थोडी हलवली. बोलू नका, असं.

घरी आल्यावर दादा टीव्हीसमोर बसला. टीव्हीचा आवाज अंगणात पोचत होता. स्वयंपाकघरात वहिनी मला म्हणाली, "कुकरच्या शिट्ट्या त्यांना ऐकू येत नाहीत भाऊजी. मोबाइल वाजलेला कळत नाही. पुरुषमाणूस बोललं की कळतं, ट्रॅक्टर कळतो. नात बोलली की नुसतं हसतात. बारीक आवाज सगळे गेलेत."

"त्याला सांगितलंत का?"

"सांगितलं ना एकदा. म्हणाले, तूच हल्ली पुटपुटतेस." तिने भाकरी उलटली. "आणि काय म्हणून सांगू? त्यांच्या कानावर हा मळा चालतो. बायका त्यांच्या शब्दावर पहाटेच्या अंधारात सरीत उतरतात. कान गेला म्हटलं की त्यांचं काय राहिलं?"

दादाने पुष्कळ वर्षं दिंडोरीकडे द्राक्षबागांमध्ये फवारणीचा ब्लोअर चालवला. छाटणी झाली की त्याला बोलावणी यायची. ट्रॅक्टरच्या मागे तो पंखा घोंघावत असतो आणि चालवणाऱ्याच्या पाठीशी दिवसभर तोच आवाज असतो. तोंडाला फडकं तो न चुकता बांधायचा, औषधाची भीती होती म्हणून. कानाचा विचार कुणीच केला नव्हता.

मी दादाजवळ जाऊन एवढंच म्हटलं, की दसऱ्यापर्यंत थांबू. मुनियांची घरटी असतील.

"माहितेय मला, असतील," तो म्हणाला. "मला काय हौस आहे? आणि एखाद्या बाईला धरलं त्याने तर? तू काय, बातमी देशील."

त्याच्या माहितीप्रमाणे तो बरोबर होता.

सकाळी मशीन आलं. पाठीवर इंजिन बांधलेले दोघे गडी नदीच्या अंगाने कापत वर येऊ लागले. उन्हात कापलेल्या गवताचा गोडसर वास पसरला. पहिल्यांदा गायबगळे आले, कुठून कळलं कोण जाणे. ते मशीनच्या मागे मागे चालू लागले. कोतवाल आले. तारेवरचे राघू खाली आले. गवतातून नाकतोडे, पतंग, हिरवे टोळ फवाऱ्यासारखे उडत होते आणि वरच्या वर टिपले जात होते. जे वाचत होते ते न कापलेल्या भागाकडे धावत होते, आणि तो भाग आक्रसत होता. लाल मुनियांची एक जोडी पुन्हा पुन्हा एकाच जागेवर घिरट्या घालत होती. मग ती जागाही कापली गेली. गवताचा गोळा उलटा पडला होता. आत मटारच्या दाण्याएवढी पांढरी अंडी होती, दोन फुटलेली. दादा तिथे आला, खाली बसला, आणि गोळा उचलून त्याने बांधावरच्या निरगुडीत ठेवला. उपयोग नव्हता. ते त्यालाही ठाऊक होतं.

दरम्यान वहिनी कापलेल्या गवताच्या ढिगात काहीतरी शोधत होती. मला वाटलं, विळा हरवला असेल. नंतर मी पाणी प्यायला घरात गेलो तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. फळीवर, तेलाच्या डब्यामागच्या अंधारात, काडेपेटी ठेवलेली होती.

"गातच नाही मेला," ती म्हणाली.

मी फळीकडे बघितलं.

"अशी टक लावू नका. बाहेर जा तुम्ही."

मी बाहेर गेलो. मशीन चालू होतं. नदीकडचा अर्धा पट्टा उघडा पडला होता आणि तिथून पाणी दिसत होतं, जे या दिवसांत मळ्यातून कधी दिसत नाही. त्या सकाळी घरात आणि बाहेर मिळून तो किडा गाण्याची वाट पाहिली जात होती, आणि ज्याच्यासाठी ती चालली होती तो गड्यांना हाताने कडा दाखवत उभा होता.

जेवणाच्या वेळी गड्यांनी इंजिनं बंद केली आणि ते आंब्याखाली बसले. दादा हात धुऊन पाटावर बसला. वहिनीने ताट वाढलं. आमटीची वाटी ठेवताना ती थबकली. मलाही ऐकू आलं. तेलाच्या डब्यामागून, आधी अडखळत, मग सलग.

वहिनीने ओले हात पदराला पुसले, काडेपेटी दोन बोटांत उचलली आणि दादाच्या डाव्या तळहातावर ठेवली. तिला कसं जमलं कोण जाणे, किडा गप्प झाला नाही.

"काय आहे?" दादा म्हणाला.

"धरा."

त्याने काडेपेटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं, जुन्या खेळाचं. त्याने ती कानाशी नेली. हसू तसंच होतं. मग दुसऱ्या कानाशी नेली. खाली घेऊन पुन्हा तळहातावर ठेवली आणि त्यावर उजव्या हाताचं बोट अलगद टेकवलं. पुठ्ठा थरथरत असणार. आवाज सगळ्या स्वयंपाकघरात भरला होता.

दादाने बोट उचललं नाही. आमटी निवली.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"दोनेक वर्षं झाली असतील, हळूहळू जातंय," वहिनी मोठ्याने म्हणाली.

"आणि कुरण?"

"वाजतंय. रोज वाजतंय."

तो उठला. अनवाणीच अंगणातून, ओट्यावरून, सरी ओलांडत गेला. आंब्याखालच्या गड्यांना त्याने दोन्ही हात हलवून सांगितलं की आता पुरे. त्यांना वाटलं, बिबट्या दिसला. एक जण झाडावर चढायला लागला. सिंधूमावशींनी ती गोष्ट नंतर पुष्कळ दिवस सांगितली, पण दादा समोर नसताना.

अर्धं कुरण उरलं होतं. संध्याकाळी आम्ही तिघं पुन्हा बांधावर बसलो. कापलेल्या बाजूला शांतता होती, खरीखुरी. उरलेल्या बाजूला नेहमीपेक्षा जास्त गलका होता, सगळे तिकडेच आले असल्यासारखा. वहिनी दादाला सांगत होती: इथून वाजतंय, तिथून वाजतंय, बाभळीखाली एक वेगळाच आहे. तो त्या त्या बाजूला तोंड वळवत होता. अंधार पडू लागल्यावर त्याने विचारलं, "काजवे का दिसत नाहीत? का डोळेपण गेले माझे?"

आम्ही दोघांनी पाहिलं. काजव्यांचा खरा हंगाम पावसाच्या तोंडाशी, पण एकेकाळी या दिवसांतही बाभळीखालचं गवत लुकलुकत असायचं.

"नाही," मी म्हटलं. "ते खरंच नाहीत."

त्याने मान हलवली. मला वाटतं, त्याला थोडं बरं वाटलं. आणि तसं वाटल्याचं त्याला आवडलं नसावं, कारण तो लगेच उठला.

पुढचं थोडक्यात सांगता येतं. कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. गेलेलं परत येत नाही, असं सांगितलं. यंत्र दिलं. यंत्राने कुकरच्या शिट्ट्या परत आल्या, नातीचं बोलणं बरंचसं परत आलं. रातकिडे आले नाहीत. सगळंच सारखं खरखरतं, दादा म्हणतो, किडा कुठला आणि यंत्र कुठलं, कळत नाही. बांधावर जाताना तो ते काढून ठेवतो. ब्लोअर त्याने विकला. बांधावर आता पहाटे वहिनी उभी राहते. दादा तिच्या बाजूला उभा असतो, बॅटरी धरून. ती ऐकते, मान हलवते, आणि बायका सरीत उतरतात.

माझ्या कामात न घडलेल्या गोष्टीची बातमी होत नाही. अमुक ठिकाणी आज रातकिडे वाजले नाहीत, हे कुठल्याच पानावर येत नाही. एखादा आवाज कधी बंद झाला हे नेमकं सांगणारा कुणी सापडत नाही, कारण तो चालू असताना कुणी ऐकत नसतं. दादा ऐकत होता. जन्मभर त्याने तेवढंच केलं, आणि त्याच्या कानातून गेला तोही तोच आवाज. तो जाताना त्याला कळलं नाही. त्याला वाटलं, गवत गप्प झालं.

यंदा कुरणाला दसऱ्याआधी कुणी हात लावलेला नाही. गेल्या वर्षी कापलेल्या बाजूला गवत पुन्हा आलं आहे, पण लाल मुनिया तिकडे अजून दिसलेली नाही, असं वहिनी सांगते.

काल संध्याकाळी दादाचा फोन आला. आता तो फोनवर जरा जास्तच मोठ्याने बोलतो.

"काय पत्रकार! तुझी वहिनी म्हणतेय, आज लय जोरात आहे. असं वर्षात वाजलं नाय म्हणे. थांब, तुला ऐकवतो."

मी ऑफिसातून उठून जिन्यात गेलो. दादाची पावलं ऐकू आली, मग गवताची सळसळ. "खाली धरा, अजून खाली," असं मागून वहिनी म्हणाली. मग काही नाही. हे फोन माणसाचं बोलणं तेवढं राखतात आणि बाकीची सलग किरकिर गोंगाट समजून गाळून टाकतात. मुलाखती घेताना आम्हाला त्याचा फायदाच होतो. मी फोन कानाशी घट्ट दाबला. दुसऱ्या कानावर हात ठेवला. नदीकाठची ती सगळी संध्याकाळ माझ्यापर्यंत येत होती आणि तिच्यात कसलाच आवाज नव्हता.

"येतंय का ऐकू?" दादाने लांबून ओरडून विचारलं.

"येतंय," मी म्हटलं.

"काय?"

"येतंय दादा! स्पष्ट येतंय!"

जिन्यातून जाणाऱ्या एकाने वळून पाहिलं. फोन दादाने तसाच गवतात धरून ठेवला होता. मीही बंद केला नाही.